पाऊण आटा

पिवळ्या कनेक्टरच्या लाल वायरीकडच्या पिनेभोवती तपकिरी कडं उमटलं होतं. रुंदी साधारण दीड मिलिमीटर. सगळीकडे ते सारखं नव्हतं. एक पिन दुसरीत बसते त्या बाजूला फिकट होतं, चहा सांडून पुसल्यासारखं. मागे, जिथे वायर कनेक्टरमध्ये शिरते, तिथे मात्र गडद. मी ते भिंगाखाली धरून पाहिलं आणि वहीत नोंद केली: 'मागच्या बाजूला जास्त.' मग भिंग मिटून ठेवलं. या नोंदीचा अर्थ काय, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

"चिंबोरी भाजली," केतन म्हणाला.

"मसाला लावायचा राहिला तेवढा," रुचिता म्हणाली, पण तिला हसू येत नव्हतं. रिमोट अजून तिच्या हातात होता आणि अंगठा कळीवर दाबलेलाच होता.

चिंबोरी म्हणजे आमच्या कॉलेजचा रोबो. पंधरा किलोचा, खेकड्यासारखा बसका, पुढे उतरतं पोलादी पातं. स्पर्धेत दोन रोबो गोल आखाड्यात समोरासमोर सोडतात. तीन मिनिटांत जो दुसऱ्याला रेषेबाहेर ढकलेल तो जिंकतो. सरावासाठी आम्ही चिंबोरीपुढे वाळूची पोती भरलेला लाकडी खोका ठेवतो. खोका भिंतीला टेकला की चाकं अडतात, आणि मोटर फिरताना ओढते त्याच्या कितीतरी पट करंट अडल्यावर ओढते. त्या गुरुवारी मीटरवर एकशे दहा अँपिअर दिसत होते. चाळीस सेकंद चिंबोरीने खोका रेटला, मग ती जागच्या जागी थांबली आणि प्लॅस्टिक तापल्याचा वास आला.

केतनने बॅटरी काढली आणि कनेक्टर मेघालीपुढे धरला. "हाच जळलाय, मॅम."

मेघालीने तो हातात घेतला, फिरवून पाहिला. पिवळे कनेक्टर यंदा तिने निवडले होते.

"गेली चार वर्षं आपण पिवळे वापरत नव्हतो," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. चार वर्षं आम्ही बॅटरी नट-बोल्टने जोडायचो. त्यातला एकही शब्द कोणी खोडू शकला नसता. पण मी ते माहिती म्हणून बोलले नव्हते, आणि हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

पालघरच्या या कॉलेजात मी बावीस वर्षं इलेक्ट्रिकल प्रयोगशाळा सांभाळते. फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, पुढचं राहिलं. मुलं मला ताई म्हणतात. रोबोची टीम चार वर्षांपूर्वी सुरू झाली तेव्हा वायरिंग कोण शिकवणार असा प्रश्न कोणाला पडलाच नाही. मी मुरब्याची. आमच्या घरी होडी होती, आणि होडीची वायरिंग बाबा स्वतः करायचे. पावसाळ्यात होडी वर ओढली की अंगणात वायरींचा ढीग पडायचा. मी आठ वर्षांची असल्यापासून टोकं सोलून त्यांवर कथील चढवायचे. बाबा त्याला कल्हईच म्हणायचे. 'वायरीला कल्हई नाय तर दर्या खातो,' असं त्यांचं वाक्य होतं. खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं. कथील चढवलेलं पडत नाही. मी टीमच्या प्रत्येक मुलाला हेच शिकवलं. माझी टोकं पाहायला दुसऱ्या वर्गांतली मुलं यायची. चांदीच्या सुईसारखी दिसायची.

मेघाली गेल्या वर्षी आली. एकोणतीस वर्षांची, असिस्टंट प्रोफेसर, म्हणजे पदाने माझ्या वर. तारापूरच्या वसाहतीत वाढलेली. तिचे वडील तिला सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जायचे, लेथवर उभं करायचे, असं तिनेच एकदा डबा खाताना सांगितलं होतं. इथे येण्याआधी तीन वर्षं ती बोईसरला पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "ताई, मला अहो-जाहो नका करू. तू म्हणा ना." मी हो म्हटलं आणि मॅडमच म्हणत राहिले.

मला मोजायची सवय आहे. एका दुपारी मी मोजलं: प्रयोगशाळेत 'मॅम' अकरा वेळा ऐकू आलं, 'ताई' चार वेळा, आणि त्या चारांतले दोन 'ताई, पक्कड कुठंय?' असे होते. रुचिता पूर्वी केसांना रबर लावायची. आता मेघालीसारखी पेन्सिल खोचते. चहा आणायला गेलेला मुलगा पहिला कप आता कोणापुढे ठेवतो, हेही माझ्या लक्षात आहे.

सुरतच्या स्पर्धेचा फॉर्म जूनमध्येच आला होता. टीमबरोबर आखाड्याशेजारी एकच मार्गदर्शक उभा राहू शकतो. बाकीचे प्रेक्षकांत बसतात. विभागप्रमुख प्रताप सर म्हणाले, "तुम्ही दोघींनी ठरवा." मेघाली लगेच म्हणाली, "ताई ठरवतील." मी म्हणाले, "सांगते." त्याला पाच आठवडे झाले. तिने भांडून ती जागा मागितली असती तर मी एका मिनिटात माझं नाव सांगितलं असतं. तिने माझ्यावर सोपवलं, त्यामुळे माझं तोंड बंद झालं. सरांनी विचारलं की मी 'सांगते' म्हणायचे.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट झाली होती. यंदा मोटर मोठ्या घेतल्या होत्या. मेघाली माझ्या टेबलाशी आली आणि चाचरत म्हणाली, "ताई, एक विचारू? बोईसरला आमचा रामू फोरमन टोकं टिन करू द्यायचा नाही. म्हणायचा, 'मैडम, रांगा मत चढाओ, सीधा दबाओ.' स्क्रूखाली कथील बसत जातं म्हणे. करंट जास्त असेल तर..."

"बोईसरला कारखान्याच्या आत बसून खाऱ्या वाऱ्याचं काय कळणार?" मी म्हणाले. "चार वर्षांत माझा एक जोड गेला नाही."

"हो, तेही खरंय," ती म्हणाली आणि गेली. जोड माझ्या पद्धतीनेच झाले.

शुक्रवारी मेघालीने नवा कनेक्टर स्वतः बसवला. शनिवारी सकाळी पुन्हा खोका लावला. या वेळी अडतीस सेकंद. नव्या कनेक्टरवर तसंच कडं, तसंच मागून गडद.

मेघाली मुलांसमोर उभी राहिली. "निवड माझी होती," ती म्हणाली. "कागदावर हा कनेक्टर एवढा करंट सहज घेतो. मला कळत नाहीये काय होतंय, पण तुमचे दोन दिवस माझ्यामुळे गेले. सॉरी."

"जाऊ द्या ना मॅम," केतन म्हणाला. "तुम्ही मुद्दाम केलं का?"

रुचिताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं तिची चूक निघाली की मला बरं वाटेल. चूक कबूल करूनही तिचं काही कमी झालं नाही. बावीस वर्षांत माझ्या खांद्यावर कोणा मुलीने हात ठेवल्याचं मला आठवेना.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी दार ओढून घेतलं आणि चिंबोरी टेबलावर घेतली. मला मेघालीच्या कनेक्टरचा आकडा हवा होता. नुसतं कडं नाही, आकडा. बॅटरीची लाल वायर पिवळ्या कनेक्टरमध्ये जाते. तिथून चार बोटं लांबीचा तुकडा काळ्या झाकणाखालच्या पितळी ब्लॉकमध्ये जातो. ब्लॉकमध्ये वायरीचं टोक स्क्रूखाली दाबलेलं असतं, आणि तिथून करंट मोटरकडे वाटला जातो. मी टेबलावरच्या सप्लायने बरोबर दहा अँपिअर सोडले आणि एकेका सांध्यावर किती व्होल्टेज गळतंय ते मोजलं.

पिवळा कनेक्टर: चार मिलिव्होल्ट.

मी मीटरच्या सुया पुसल्या आणि परत मोजलं. चारच. उत्तम कनेक्टर होता.

मग काळं झाकण काढलं. स्क्रूखालच्या टोकावर कथील मीच चढवलेलं होतं. भोवतीच्या लाल नळीवर माझ्या अक्षरात 'धन १' लिहिलेलं. एकतीस मिलिव्होल्ट.

हिशोब करायला कागद लागला नाही, तरी मी तो वहीत मांडला. एकशे दहा अँपिअरला कनेक्टरमध्ये पाच वॅटसुद्धा उष्णता होत नव्हती. माझ्या जोडात साडेसदतीस वॅट. ज्या सोल्डरिंग आयर्नने मी त्या टोकावर कथील चढवलं होतं ते पंचवीस वॅटचं आहे. उष्णता जोडात जन्मत होती आणि चार बोटांच्या तांब्यातून चालत मागच्या बाजूने कनेक्टरमध्ये शिरत होती. कडं मागून गडद होतं ते म्हणून. हे मी गुरुवारीच लिहून ठेवलं होतं.

झाकण परत लावलं. मुलं जेवून आली तेव्हा मी वही बंद करून बसले होते.

रविवारी मुरब्याला गेले. भाऊ महादू आता होडी चालवतो. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला आठ-दहा दिवस होते. होडी खाडीच्या काठाला वर ओढलेली होती, वर निळं प्लॅस्टिक ताणलेलं, आणि तो आत उकिडवा बसून बॅटरीच्या पेटीशी स्क्रू पिळत होता.

"आली का मास्तरीण," तो वर न बघता म्हणाला. "पाय धुवून चढ. रंग वला हाय."

"काय करतोस?"

"दिसत नाय? आवळतो."

"गेल्या वर्षी आवळले नव्हतेस?"

"दर साली आवळायला लागतात गो. कल्हई खाली बसते ना. मेणासारखी. गेल्या साली करकचून आवळलेला स्क्रू, हे बग." त्याने स्क्रूड्रायव्हर लावून फिरवला. स्क्रू सहज फिरला, मग अडला. "पाऊण आटा. दर साली पाऊण आटा. आन कंदी कंदी टोक कापून नवंच करायचं."

"बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही."

महादू हसला. "तुला कशाला सांगंल? तू आंगनात बसून कल्हई लावायचीस. होडीत आमी चढायचो. पोरीला होडीत कोन घेतो? तुझी टोकं लई चिकनी व्हायची पन. बाबा सगल्यांना दाखवायचा, माझ्या पुष्पीची टोकं."

मला दाखवायच्या कामापुरतं शिकवलं होतं. होडीतलं उरलेलं अर्धं महादूला आयतं मिळालं होतं, आणि त्याला ते कौतुकाचंही वाटत नव्हतं. होडीवर एक दिवा आणि एक वायरलेस, पाच अँपिअर. तिथे वर्षातून एकदा पाऊण आटा पुरत होता. आमच्या जुन्या मोटर पंचेचाळीस ओढायच्या, तिथेही भागलं. एकशे दहाला उष्णता त्याच्या जवळजवळ सहापट होते. वहिनीने चहा दिला तो मी तसाच ठेवून निघाले. महादू मागून ओरडला, "ए पुष्पे, राग कसला आला तुला?" राग त्याचा नव्हता. मला मेघालीचे वडील आठवत होते, लेथपाशी मुलीला उभं करणारे.

सोमवारी प्रताप सरांनी मला बोलावलं. "तांडेलबाई, आता तुम्हीच हात घाला. मेघाली नवीन आहे अजून. आज लावा मार्गी."

मी हात घातला. पिवळा कनेक्टर काढला आणि जुने नट-बोल्ट लावले, सगळ्यांना दिसेल असे. मग म्हणाले, "जरा उजेड सोडून उभे राहा," आणि मुलं मागे सरली तेव्हा काळं झाकण उघडून आठही स्क्रू आवळले. पहिला फिरला तो बरोबर पाऊण आटा. बाकीचेही थोड्याफार फरकाने तेवढेच. माझ्या पाठीआड कोणाला काही दिसलं नाही.

चिंबोरीने तीन मिनिटं खोका रेटला. एकशे दहा, एकशे आठ, एकशे दहा. थांबली नाही. पोती खोक्यातून बाहेर आली. केतनने टेबल बडवलं, "ताई! ताई! ताई!" आणि बाकीच्यांनी ते उचललं. मी मोजलं नाही.

मला ठाऊक होतं की हे टिकणार नाही. कथील तापेल, आणखी बसेल, स्क्रू पुन्हा ढिले होतील. सरावात एकदोनदा निघून जाईल. सुरतला एका दिवसात पाच-सहा लढती असतात. मी प्रत्येक लढतीआधी आवळत बसले तर कदाचित निभेल. त्यासाठी आखाड्याशेजारी मीच असायला हवी. हा विचार मी पूर्ण केला, पायरी-पायरीने, प्रयोग मांडावा तसा, आणि त्यात मला कुठेही अडखळायला झालं नाही. नंतर त्याचीच भीती वाटली.

मंगळवारी दुपारी प्रताप सर फॉर्म घेऊन प्रयोगशाळेत आले. शेवटची तारीख होती. ते उभ्या उभ्याच टेबलावर फॉर्म पसरून भरू लागले.

"चला, हे ठरलंच म्हणायचं," ते म्हणाले. "पाच आठवडे तुम्ही सांगते, सांगते म्हणताय. चिंबोरीनेच सांगितलं. मार्गदर्शक: पुष्पलता तांडेल. बरोबर ना?"

"अर्थात ताईच," मेघाली म्हणाली. ती काढलेले पिवळे कनेक्टर डब्यात भरत होती. डब्यावर तिने 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. "माझं सगळं गणित चुकलं. ताई, तुम्हाला वेळ झाला की मला दाखवाल नेमकं काय केलंत? मी रात्रभर विचार करतेय, मला सापडत नाहीये. मला शिकायचंय ते."

ती हे मनापासून म्हणाली. मी तिच्या आवाजात टोमणा शोधला, बराच वेळ शोधला. मिळाला असता तर सोपं झालं असतं.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. 'पु' लिहून झालं.

रुचिता चिंबोरीच्या चाकात अडकलेले वाळूचे कण ब्रशने काढत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "ताई, तिथे आखाड्यात मधेच बंद नाही ना पडणार? मला फक्त एवढंच सांगा. मग मी बिनधास्त रेटते."

मुलांना मी आकडा कधी खोटा सांगितलेला नाही. प्रयोगवहीत कोणी हवं ते उत्तर आधी लिहून मग वाचन जुळवलं, तर मी ते पान फाडायला लावते. रुचितानेही पहिल्या वर्षी एक पान फाडलं आहे. ती आता माझ्याकडे बघत होती, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि उत्तर ऐकायला थांबली होती. 'नाही पडणार' म्हणायला एक सेकंद लागला असता.

मी खिशातून वही काढली आणि शनिवारचं पान उघडून टेबलावर ठेवलं. मग चिंबोरीचं काळं झाकण काढलं, 'धन १'च्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि सगळ्यांदेखत फिरवला. एका दिवसात तो पाव आट्याहून जास्त ढिला झाला होता.

"काय झालं, तांडेलबाई?" सर म्हणाले.

मेघाली वहीवर वाकली होती. तिचं बोट चार मिलिव्होल्टवरून खाली एकतीसवर आलं आणि तिथे थांबलं. मग तिने तारीख वाचली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पडेल, रुचिता," मी म्हणाले. "दुसऱ्या किंवा तिसऱ्या लढतीत बंद पडेल. कनेक्टर चांगले होते. कथील चढवलेले जोड चुकीचे आहेत, ते माझे आहेत, आणि मला हे शनिवारी दुपारपासून ठाऊक आहे. सगळी टोकं कापून, कथील न चढवता, पुन्हा दाबून बसवावी लागतील, आणि ते मला येत नाही." स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता; तो खाली ठेवला. "सर, ते 'पु' खोडा. मेघाली, सुरतला तू जा."